कच्च्या रेघेचं मोल

आज हप्ते, व्याज, बँकेची जोडणी यातलं मी काहीच काढणार नाही. आज चित्रांबद्दल बोलू या. तीसुद्धा फ्रेम करून भिंतीवर लावलेली रंगीत चित्रं नव्हेत. पेन्सिलीनं काढलेली, मध्येच सोडून दिलेली, वहीच्या मागच्या पानावर नाहीतर सुट्या कागदावर राहिलेली चित्रं. घर आवरताना जी सगळ्यात आधी रद्दीत जातात ती.

आपल्या बोलण्यात 'कच्चं' या शब्दाला फारसा मान नाही. कच्ची पावती म्हणजे जिचा भरवसा नाही ती. कच्चं काम म्हणजे पुन्हा करावं लागणारं. खेळात कच्चं लिंबू म्हणजे ज्याचा धरधोक नाही ते पोर. तसंच कच्चं चित्र म्हणजे अजून चित्र झालं नाही असं काहीतरी, असं आपण धरून चालतो. माझं म्हणणं असं की, या कच्च्या रेघेला मोठा इतिहास आहे, आणि तो आपल्या कामाच्या फार जवळचा आहे.

सुरुवात ब्लाऊजच्या पाठीपासून करते. कशिदा करणाऱ्या बायकांना हे सांगायला नको. पातळ ट्रेसिंग कागदावर पेन्सिलीनं नक्षी काढायची, रेघेवरून सुईनं बारीक भोकं पाडत जायचं, कागद कापडावर ठेवायचा आणि घासलेटात नीळ कालवून बोळा फिरवायचा. कागद उचलला की कापडावर ठिपक्यांची नक्षी उतरलेली असते. या कागदाला आपण खाका म्हणतो. हा शब्द फारसीतल्या 'खाक'वरून आला आहे, म्हणजे धूळ, राख. आपल्याकडच्या जुन्या लघुचित्रकारांची पद्धत अगदी हीच होती. हरणाच्या पातळ कातड्यावर आकृती उतरवायची, तिला टोचे मारायचे आणि वरून कोळशाची भुकटी असलेली पुरचुंडी आपटायची. खालच्या कागदावर धुळीची रेघ उमटे. एकच आकृती बापाकडून मुलाकडे, मुलाकडून नातवाकडे अशी चालत राही. तुमच्या पेटीतले सासूच्या वेळचे खाके आठवा, म्हणजे झालं.

त्या चित्रकारांच्या घरात कच्च्या रेखाटनांचे गठ्ठे असत. ती विकायची नसत, ती घराची पुंजी असे. हिमाचलातल्या गुलेरच्या नैनसुखचं उदाहरण सांगते. अठराव्या शतकातला हा चित्रकार. बाप पंडित सेऊ, थोरला भाऊ माणकू, दोघंही चित्रकारच. नैनसुख जसरोटाच्या राजा बलवंतसिंहाकडे वीसेक वर्षं राहिला. राजे लोकांची चित्रं कशी असतात ते आपल्याला माहीत आहे, घोड्यावर, सिंहासनावर, तलवार उपसून. नैनसुखनं मात्र आपला राजा पत्र लिहिताना काढला, दाढी कातरून घेताना काढला, आणि थंडीत रजई पांघरून शेकोटीपुढं बसलेलाही काढला. त्यातल्या कितीतरी कागदांवर रंग नावापुरता आहे, काहींवर तर नाहीच. चेहरा नीट, बाकी अंगरखा दोन-चार रेघांत. बी. एन. गोस्वामी यांच्यासारख्या कलेच्या इतिहासकारांनी या कागदांवर अनेक वर्षं घालवली, तेव्हा जगाला नैनसुखचं मोठेपण समजलं. माझ्या मते रजईतला राजा पुरा रंगवला असता तर तो नुसता राजाच राहिला असता. रेघेत राहिला म्हणून थंडी वाजणारा माणूस दिसतो.

अर्धवट चित्राला चित्र म्हणायचं का, हा प्रश्न काही आजचा नाही. जवळजवळ दोन हजार वर्षांपूर्वी रोममध्ये प्लिनी नावाच्या लेखकानं आपल्या मोठ्या ग्रंथात एक गंमत नोंदवून ठेवली आहे. काही नामवंत चित्रकारांची मरणामुळं अर्धी राहिलेली चित्रं लोकांना त्यांच्या पुऱ्या चित्रांपेक्षा जास्त आवडतात, कारण उरलेल्या रेघांतून चित्रकाराचा विचार दिसतो. आणि काम करता करता थांबलेल्या हाताबद्दल हळहळही वाटते.

पुढं इटलीत दोन टोकांची माणसं एकाच काळात झाली. मायकेलअँजेलो 1564 साली वारला. जाण्याआधी त्यानं आपली कितीतरी रेखाटनं जाळून टाकली. आपण किती धडपडलो, किती वेळा चुकलो, हे कुणाला दिसू नये म्हणून, असं त्याचा चरित्रकार वासारी सांगतो. आणि हाच वासारी स्वतः काय करत होता? मोठमोठ्या चित्रकारांचे असे कच्चे कागद जमवून, वहीत चिकटवून, त्यांच्याभोवती हातानं नक्षीदार चौकट काढत होता. एक जाळतो आहे, एक चौकट घालतो आहे. आमच्यातल्या निम्म्या बायका मायकेलअँजेलोच्या पक्षाच्या आहेत. पाहुणे यायच्या आत सगळं आत ढकलायचं!

पेन्सिलीचंही थोडं सांगायला हवं. आपण 'शिसपेन्सिल' म्हणतो, पण तिच्यात शिसं नसतं, ग्रॅफाइट असतं. म्हणजे कोळशाच्याच कुळातला खनिज कार्बन. सोळाव्या शतकात इंग्लंडच्या उत्तरेला बॉरोडेल नावाच्या डोंगराळ भागात त्याचा चांगला साठा सापडला, आणि मेंढपाळ मेंढ्यांवर खुणा करायला ते तुकडे वापरत असं तिथं सांगतात. पुढं इंग्लंड-फ्रान्स युद्ध पेटलं आणि फ्रान्सला हे खनिज मिळेना. तेव्हा 1795 साली निकोला कोंते या माणसानं ग्रॅफाइटची पूड आणि माती एकत्र मळून, भट्टीत भाजून शिसं तयार केलं. माती जास्त घातली की पेन्सिल कडक, कमी घातली की मऊ. आपल्या मुली एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षेला टूबी, फोरबी मागतात ना, ती सगळी या मातीच्या मापाची गोष्ट आहे. कुंभारकामच म्हणा ना.

याच 1795 साली आपल्या पुण्यात काय चाललं होतं ते आता ऐका.

शनिवारवाड्यात सवाई माधवराव पेशवे आणि कारभारी नाना फडणवीस. मुळा-मुठेच्या संगमावर इंग्रजांचा वकील चार्ल्स मॅलेट राहत होता. या मॅलेटला चित्रांचा आणि लेण्यांचा नाद होता. त्याच्या पदरी एक मराठी चित्रकार होता, गंगाराम चिंतामण तांबट. आडनावावरूनच घराणं कळतं. पुण्याच्या कसब्यात तांबट आळी आहे, तिथं आजही तांब्याच्या भांड्यावर ठोके घालून मठारकाम करतात. हे ठोके घासून घालवत नाहीत, उलट तेच दिसावेत म्हणून भांडं घेतात. हाताची खूण लपवायची नाही, ही अक्कल त्या धंद्यात आधीपासूनच आहे, हे मला महत्त्वाचं वाटतं.

गंगारामनं नोव्हेंबर 1790 मध्ये पेशव्यांच्या शिकारखान्यातला गेंडा काढला. पर्वतीच्या पायथ्याशी हा शिकारखाना होता. पर्वतीची टेकडी आणि तिच्यावरची देवळंही त्यानं काढली. मॅलेटसाठी वेरूळची लेणी काढली. लक्षात घ्या, 1790 साली पुण्यात कुणी विलायती चित्रकार त्याला शिकवायला बसलेला नव्हता. जेम्स वेल्स नावाचा स्कॉटलंडचा चित्रकार मुंबईला उतरला तोच 1791 साली. तो पुढच्या वर्षी पुण्यात आला, पेशव्यांचं आणि नानांचं तैलचित्र त्यानं केलं. नानांचा जो उभट, किडकिडीत, विचारात पडलेला चेहरा आपण शाळेच्या पुस्तकापासून ओळखतो, तो वेल्सच्या हातचा. मॅलेटच्या खटपटीनं शनिवारवाड्यात चित्रकलेची शाळा निघाली, वेल्स शिकवायला, आणि गंगाराम त्या शाळेत. चित्रकलेचं सरकारी शिक्षण म्हटलं की मुंबईचं जे. जे. स्कूल सांगतात, ते 1857 सालचं. त्याच्या साठ-पासष्ट वर्षं आधी पेशव्यांच्या वाड्यात हा वर्ग भरत होता.

पण शाळा टिकली नाही. ऑक्टोबर 1795 मध्ये सवाई माधवराव वाड्याच्या सज्जातून पडून गेले. त्यानंतर थोड्याच दिवसांत, नोव्हेंबरात, वेल्सही गेला. साष्टीतल्या लेण्यांच्या मूर्ती रेखाटत असताना तापानं आजारी पडला आणि ठाण्याला वारला. राजा नाही, मास्तर नाही. मागं राहिले ते कागद.

आता या कागदांचं पुढं काय झालं ते बघा, कारण खरी गोष्ट तिथं आहे. वेल्सची रेखाटनं विलायतेला गेली. तिथं टॉमस डॅनियल या चित्रकारानं वेरूळच्या चित्रांवरून छापील चित्रांचा मोठा संच केला, तो 1803 साली निघाला. शीर्षकाच्या पानावर वेल्सचं नाव आहे, डॅनियलचं आहे. मग 1805 साली त्याच डॅनियलनं वेल्सच्या रेखाटनांवरून एक भलंमोठं तैलचित्र केलं. 1790 साली पेशव्यांच्या दरबारात मॅलेटनं तह केला तो प्रसंग. ते आज लंडनच्या टेट संग्रहात आहे. दरबार गच्च भरलेला, पागोटी, गालिचे, सगळं झळझळीत आणि पक्कं.

हे चित्र करणारा डॅनियल त्या दरबारात नव्हता. ज्याच्या रेखाटनांवरून केलं तो वेल्ससुद्धा तहाच्या दिवशी पुण्यात नव्हता, तो तर वर्षभरानं या देशात आला! म्हणजे पक्क्या चित्रातला प्रसंग जुळवून बसवलेला आहे. खरं काय आहे, तर वेल्सनं पुण्यात माणसांना समोर बसवून घेतलेले चेहरे. मी बी.ए.ला इतिहास घेतला होता, आणि आम्हाला शिकवलं होतं की साधन किती जवळचं आहे ते आधी पाहा. त्या हिशोबानं बघितलं तर इथं कच्चा कागद हा अस्सल दस्तऐवज आहे आणि पक्कं तैलचित्र त्याच्यावरून केलेली नक्कल. आपल्या हिशोबाच्या वह्यांत उलटं असतं, पक्की वही खरी. चित्रात तसं नाही.

आणि गंगाराम? त्याच्या नावाचं मोठं तैलचित्र कुठल्या दरबारात टांगलेलं नाही. त्याचं नाव राहिलं ते त्याच्या कागदांमुळं. पेन्सिल, शाई, पातळ रंग असे ते कागद मॅलेटच्या संग्रहात राहिले आणि फिरत फिरत अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कला संग्रहात पोचले. 2011 साली त्या काळातल्या हिंदुस्थानातल्या चित्रांचं प्रदर्शन तिथं भरलं होतं. पुण्याच्या शिकारखान्यातल्या गेंड्याचं चित्र येलला आहे. आपल्या तांबट आळीतल्या किती लोकांना ठाऊक असेल?

हे सांगताना मला आमच्या एका गटाची गोष्ट सांगावीशी वाटते. गावाचं नाव घेत नाही. गट कशिद्याचे ब्लाऊज आणि पिशव्या करतो. बाराजणी शिवतात, टाके घालतात, त्यांना नगावर मजुरी मिळते. तेराव्या बाईचे टाके फार चांगले नाहीत, पण नक्षी तीच काढते. वांग्याचं फूल, हरभऱ्याचा घाटा, पाणवठ्यावरचा बगळा, बघेल ते काढते. मासिक सभेच्या हजेरीच्या कागदामागंसुद्धा काढते. दीड वर्ष तिला या कामाचा एक रुपया मिळत नव्हता. सभेत विषय निघाला तेव्हा एकजण म्हणाली, "रेघा मारायला काय लागतं? टाका घालायला डोळे लागतात." दुसरी म्हणाली, "तिची रेघ नसेल तर तू टाका कशावर घालणार गं?" तास-दीड तास वाद चालला. शेवटी ठराव झाला, नव्या खाक्याला चाळीस रुपये, आणि जुना पुन्हा वापरला तर दर वीस नगांमागे पाच. फार नाही, पण ठरावाच्या वहीत 'रेखाटन' हा शब्द मजुरीच्या रकान्यात पहिल्यांदा आला. अजून दोघीजणींना ते पटलेलं नाही, त्या सही करताना दरवेळी बोलून दाखवतात. खाक्यावर तिची सही असावी का, हा मुद्दा मी काढला होता. तो पुढच्या सभेवर गेलाय.

आता मी तुम्हाला लांब, जर्मनीत नेणार आहे, कारण मजुरीवर काम करणाऱ्या बायकांना कच्च्या रेघेत जिनं धरलं, ती बाई तिथली. केथे कोलवित्झ. जन्म 1867. 1891 साली लग्न होऊन ती बर्लिनला आली. नवरा डॉक्टर, कामगार वस्तीत दवाखाना. शिंप्यांच्या आजारपण-विम्याच्या फंडाकडून त्याच्याकडे रोगी येत. म्हणजे दवाखान्यात कोण बसलेलं असायचं? शिवणकाम करणारे, त्यांच्या बायका, खोकणारी पोरं. घर आणि दवाखाना जवळजवळ एकच. औषधाला आलेल्या बायका डॉक्टरीणबाईंशी बोलत बसायच्या. नवऱ्याचं पिणं, गेलेलं काम, पुन्हा राहिलेले दिवस. आणि ती त्यांना काढायची.

विणकरांच्या उठावावर तिनं केलेली छापचित्रांची माला 1898 साली प्रदर्शनात आली. परीक्षकांनी पदक द्यावं म्हणून नाव सुचवलं आणि जर्मनीच्या बादशहानं ते अडवलं. 1906 साली बर्लिनमध्ये घरबसल्या मजुरीवर काम करणाऱ्यांच्या स्थितीवर एक प्रदर्शन भरलं. त्याच्या जाहिरातीसाठी कोलवित्झनं नुसता एका बाईचा चेहरा काढला. घरकामाची नव्हे, घरी आणून नगावर शिवण्या-विणण्याची मजुरी करणारी बाई. थकलेली, डोळ्यांखाली काळं. बादशहाच्या राणीला तो चेहरा सोसला नाही. ते चित्र भिंतीवर असेपर्यंत मी प्रदर्शनाला येणार नाही, असं तिनं कळवलं. चित्रात घोषणा नव्हती, मूठ वळलेली नव्हती. फक्त रात्री उशिरापर्यंत शिवणाऱ्या बाईचं तोंड. आपल्या गटातल्या दिवाळीआधीच्या दोन आठवड्यांत ते आपल्याला रोज दिसतं.

नंतर 'सिम्प्लिसिसिमस' नावाच्या साप्ताहिकात तिची गरिबांच्या जगण्यावरची रेखाटनं येऊ लागली. इथं तिची पद्धत बघण्यासारखी आहे. चेहरा आणि हात यांच्यावर सगळी मेहनत. पदर, खुर्ची, खोली यांना दोन रेघा. कंटाळा केला म्हणून नाही. तुम्ही थकलेल्या बाईच्या घरी गेलात तर तुमचं लक्ष तरी पडद्याच्या नक्षीवर जातं का?

तिचा धाकटा मुलगा पेटर पहिल्या महायुद्धात स्वतःहून गेला आणि ऑक्टोबर 1914 मध्ये बेल्जियममध्ये पडला. अठरा वर्षांचा होता. त्याच्या स्मारकासाठी ती चित्रं, आराखडे काढत राहिली, मोडत राहिली. शोक करणारे आईबाप, गुडघ्यावर बसलेले, अशा दोन दगडी मूर्ती 1932 साली तिकडच्या स्मशानात बसवल्या गेल्या. अठरा वर्षं. मूर्ती पुऱ्या झाल्या, पण मधली अठरा वर्षं कागदांवर आहेत.

मला तिचं जे चित्र सगळ्यात आवडतं ते 1933 सालचं, कोळशानं काढलेलं. रेडिओवर चित्र दाखवता येत नाही, म्हणून सांगते, डोळे मिटून ऐका. एक म्हातारी होत चाललेली बाई एका बाजूनं दिसते आहे. केस मागं बांधलेले. समोर फळा आहे, आणि तिचा हात पुढं गेलाय, बोटांत कोळसा. म्हणजे चित्र काढणाऱ्या बाईनं चित्र काढतानाचं स्वतःचं चित्र काढलंय. चेहरा नीट काढलेला. बोटं नीट काढलेली. आणि मधला हात, खांद्यापासून मनगटापर्यंत? तो काढलेलाच नाही. तिथं कोळशाचा तुकडा आडवा धरून खालीवर, खालीवर असे नागमोडी फटकारे मारलेत, जणू कुणी रागानं भिंत खरवडली. कोपर नाही, बाही नाही. तरी पाहताक्षणी कळतं की या हातात केवढं बळ आहे. बाही आणि चुण्या नीट काढल्या असत्या तर बाही दिसली असती. इथं डोक्यातून बोटांपर्यंत धावणारी ताकद दिसते.

त्या वेळी ती 65-66 वर्षांची होती. प्रशियाच्या कला अकादमीत 1919 साली निवडली गेलेली ती पहिली बाई, आणि याच 1933 साली हिटलर सत्तेवर आल्यावर तिला तिथून बाहेर पडायला लावलं. पुढं तिची चित्रं प्रदर्शनांतून काढून टाकली गेली. 1943 साली बर्लिनवरच्या बॉम्बहल्ल्यात तिचं राहतं घर पडलं, त्यात पुष्कळ कागद गेले. ती स्वतः एप्रिल 1945 मध्ये गेली, युद्ध संपायला काही दिवस उरले होते. आज कोलोनला आणि बर्लिनला तिच्या नावाची संग्रहालयं आहेत.

आणखी एक नाव घेते, थोडक्यात. त्याच 1943 साली बंगालात दुष्काळ पडला होता. चित्तप्रसाद नावाचा तरुण चित्रकार नोव्हेंबरात मिदनापूर जिल्ह्यात फिरला, रस्त्यात भेटेल त्या भुकेल्या माणसाला काळ्या रेघेत काढत गेला, माणसांची माहिती लिहीत गेला. त्याचं पुस्तक मुंबईत छापलं. इंग्रज सरकारनं त्याच्या प्रती जप्त करून जाळल्या. हा चित्रकार पुढं बरीच वर्षं मुंबईत अंधेरीला राहिला. मायकेलअँजेलोनं स्वतःचे कागद स्वतः जाळले होते, इथं सरकारला ते जाळावेसे वाटले. नुसत्या रेघांना सरकार घाबरत असेल तर त्या रेघा कच्च्या कशा म्हणायच्या, मला सांगा.

असं चित्र पाहायचं कसं, असं एका मैत्रिणीनं विचारलं होतं. माझी रीत सांगते. आधी रंग नाही, पुरं नाही, ही तक्रार बाजूला ठेवायची. पेन्सिल कुठं दाबून धरलीय आणि कुठं नुसती टेकवलीय ते बघायचं. दाब म्हणजे आवाज समजा, कुठं जोरात बोललीय, कुठं हळू. मग एकाच ठिकाणी दोन-तीन रेघा दिसतात का ते शोधायचं. घोड्याचा पाय तीनदा काढलेला असतो, तिसऱ्यांदा जमलेला असतो, आणि पहिल्या दोन रेघा खोडलेल्या नसतात. त्या खोडलेल्या नाहीत म्हणून घोडा हललेला दिसतो. शाळेत मुलींना आपण सारखं खोडरबर घ्यायला सांगतो. परीक्षेपुरतं ठीक आहे. घरच्या वहीत राहू दे की. शेवटी कोरी जागा बघायची. कोलवित्झनं खोली काढली नाही, नैनसुखनं रजईखालचं अंग काढलं नाही. काय सोडलंय, यावरून काढणाऱ्याच्या मनात काय मोठं होतं ते कळतं. अर्थात प्रत्येक अर्धं चित्र काही थोर नसतं. कंटाळून सोडलेलं आणि पुरेसं झालं म्हणून सोडलेलं यात फरक आहे. वीस-पंचवीस कागद शेजारी ठेवून बघितले की तो आपोआप दिसायला लागतो.

जवळ बघायचं असेल तर सातारा जिल्ह्यात औंधला भवानी संग्रहालय आहे, औंधच्या पंतप्रतिनिधींनी उभं केलेलं. आमच्या बायका यमाईच्या दर्शनाला जातात आणि संग्रहालय राहून जातं. मुंबईला कामानं गेलात तर छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात पहाडी चित्रं आहेत. तिथं काचेला नाक लावून रंगाखालची रेघ शोधा, कधी कधी कडेला डोकावते.

आणि घरात असे कागद असतील, तुमचे, लेकीचे, आईचे, तर एवढं करा. पेन्सिल उडत नाही, पण पुसटते, घासली की पसरते. दोन कागदांमध्ये पातळ बटर पेपर घाला. लॅमिनेशन करू नका, ते नंतर निघत नाही. चिकटपट्टी लावू नका, ती पिवळी पडते आणि कागद खाते. गुंडाळी करून माळ्यावर टाकण्यापेक्षा जुन्या साडीच्या खोक्यात आडवे ठेवा, कडुलिंबाचा पाला वाळवून शेजारी ठेवलात तरी चालेल, पण कागदाला लागू देऊ नका. मागच्या बाजूला, कोपऱ्यात, पेन्सिलीनंच लिहा, कुणी काढलं, कुठं, कोणत्या साली. पुढच्या महिन्याच्या सभेला ज्यांच्याकडे असे कागद आहेत त्यांनी घेऊन या. वाचनाचा वेळ संपल्यावर अर्धा तास ते सतरंजीवर मांडून बघू.